जुन्या गोळ्यांचे काय?

सोलापूर

चि. भाचीस,


सिव्हिलमध्ये मेडिसिन वॉर्डात तुझी नेमणूक झाल्याचे वाचून फार आनंद झाला. आयुष्यभर नर्सिंग केल्यावर तुला एकच गोष्ट आग्रहाने सांगते. घरी सोडताना रुग्णाला नव्या गोळ्या तू समजावशीलच. पण आधीच्या गोळ्यांचे काय करायचे, हे सांगितल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नकोस.

समज, अक्कलकोटकडच्या एखाद्या आजी साखरेसाठी गावच्या डॉक्टरांची ग्लिमेपिराइड घेतात. मोठ्या दवाखान्यात तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहून मिळते. पाकीट वेगळे, नाव वेगळे. आजी दोन्ही घेतात. साखर उतरते, घाम फुटतो, वेळीच ओळखले नाही तर शुद्ध हरपते. यात दोन्ही डॉक्टरांनी औषध बरोबरच दिलेले असते; घोळ होतो तो मधल्या वाटेत. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधांतल्या चुकांविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो ती वेळ खास जोखमीची धरली.

भरतीच्या दिवशीच नातेवाइकांना घरातली सगळी औषधे पिशवीसकट आणायला सांग. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, काढे, हेही विचार. डिस्चार्जच्या वेळी पिशवी आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून औषधांची मूळ नावे ताडून बघ. प्रत्येक जुन्या गोळीपुढे चालू, बंद की डोस बदलला, हे डॉक्टरांकडून कारणासकट लिहून घे. गावच्या डॉक्टरांना तोच आधार. इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना जास्त वेळ दे. सांधेवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. तिच्यापुढे वार लिहिलेलाच हवा.

आपल्याकडे कन्नड, तेलुगू बोलणारे रुग्ण पुष्कळ. ‘समजलं का?’ म्हटले की सगळेच मान हलवतात. घरी गोळ्या देणारी सून असो की मुलगा, त्यांच्याच भाषेत त्यांच्याकडून सगळे परत वदवून घे. एसटी चुकेल म्हणून घाई करतील, तरी थांबव.

राउंडच्या गर्दीत डॉक्टरांना पुन्हा विचारायचा संकोच वाटेल. तरी विचार. एखादे वेळी रागावतीलही, पण तुझ्या त्या प्रश्नाने एखादा रुग्ण वाचेल. जुन्या गोळ्यांचा निर्णय कार्डावर उतरला नसेल, तर डिस्चार्ज पुरा झाला असे मानू नकोस.

तुझी,
मावशी