चौथे शील आणि फसवणुकीचा कायदा



पंचशील आपण नित्य म्हणतो. त्यातील चौथे शील असत्य भाषणापासून दूर राहण्याचे आहे. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. मात्र शील आणि कायदा यांचे क्षेत्र एक नाही. प्रत्येक खोटे बोलणे हा शीलभंग होय. प्रत्येक खोटे बोलणे हा गुन्हा नव्हे. हा फरक न कळल्यामुळे खरा ठक मोकळा सुटतो आणि अडचणीत सापडलेल्या शेजाऱ्यावर मात्र ‘चारसो बीस’चा शिक्का बसतो. म्हणून हा पाठ.

शील काय शिकविते?

भगवान बुद्धांनी राहुलाला असत्याविषयी उपदेश केला. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवून ते म्हणाले की, जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणत्व एवढेच थोडे असते. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले आणि तेच पुन्हा समजाविले. राहुलाला केलेल्या या उपदेशाचा उल्लेख सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू शिलालेखात केला आहे. यातील ‘जाणूनबुजून’ हा शब्द ध्यानात ठेवावा. कायदाही याच शब्दापाशी येऊन थांबतो.

कायदा काय म्हणतो?

१८६० च्या भारतीय दंड संहितेत फसवणुकीची व्याख्या कलम ४१५ मध्ये होती आणि फसवून मालमत्ता घेण्याची शिक्षा कलम ४२० मध्ये. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आता हे सारे कलम ३१८ मध्ये आहे. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनेच कलम लागते.

मालमत्तेच्या फसवणुकीत तीन गोष्टी पाहाव्या लागतात.
(१) समोरच्याला खोट्या गोष्टीवर विश्वास ठेवायला लावले काय?
(२) त्यामागे अप्रामाणिक किंवा कपटी हेतू होता काय?
(३) त्या विश्वासामुळेच त्याने पैसा, वस्तू किंवा दस्तऐवज दिला काय?

तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. दुसऱ्याच माणसाचे सोंग घेऊन फसविणाऱ्यास कलम ३१९ खाली पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

“मी खोटे कुठे बोललो? त्यांनी विचारलेच नाही,” असे पुष्कळजण म्हणतात. कायदा हे मानीत नाही. अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती लपविणे हीसुद्धा फसवणूकच होय. एकदा विकलेली जमीन ते न सांगता दुसऱ्याला विकणारा तोंडातून एकही खोटा शब्द न काढता गुन्हा करतो.

हेतू केव्हाचा?

खरी मेख येथे आहे. समजा, एकाने बियाण्यासाठी दहा हजार रुपये उसने घेतले. फेडण्याची त्याची इच्छा होती, पण पीक बुडाले. तो कर्जदार आहे, ठक नाही. त्याच्याकडून पैसे मिळविण्याचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. दुसऱ्याने तेवढेच पैसे घेतले, पण ते परत द्यायचेच नाहीत हे घेतानाच ठरविले होते. हा गुन्हा. जुन्या संहितेत हाच फरक नीळ पुरविण्याच्या कराराचे उदाहरण देऊन स्पष्ट केला होता. पैसे घेतेवेळी मनात काय होते, ते पाहावयाचे. मन दिसत नाही, म्हणून ते कृतीवरून ओळखतात : खोटे नाव, खोटा शिक्का, एकाच नोकरीसाठी दहाजणांकडून घेतलेले पैसे.

आपल्या घरी

आपल्या वस्तीत ठक बहुधा परका नसतो. ‘जय भीम’ घालून येतो, शिकलेला असतो, आपले अर्ज भरून देतो. शिष्यवृत्तीच्या नावाने कोऱ्या कागदावर अंगठा घेतो, शिपायाची नोकरी लावतो म्हणून आईच्या अंगावरचे डोरले मोडायला लावतो. फसलेले घर गप्प बसते. एक तर लाजेने, दुसरे म्हणजे आपणही मागच्या दाराने जात होतो या जाणिवेने. त्या मौनावरच ठकाचा धंदा चालतो. ज्या घरात पहिल्यांदाच विद्या आली, त्या घरातील शिकलेल्याने तिचा असा उपयोग करणे हे साऱ्या समाजाचे नुकसान आहे.

म्हणून कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. पैसे दिल्यास पावती घ्यावी. पत्रे, निरोप, बँकेच्या नोंदी जपून ठेवाव्यात. फसवून पैसा घेतल्याची फिर्याद पोलिसांनी नोंदविलीच पाहिजे. तिची प्रत फुकट मिळते. नोंदविली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवावी, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. फोनवरून किंवा इंटरनेटवरून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

घरी चर्चा करावी

१. म्हशीचा आजार लपवून ती विकली. शील मोडले काय? कायदा मोडला काय?
२. लग्नासाठी घेतलेले पैसे भावाला फेडता आले नाहीत. पोलिसांत जावे की पंचांसमोर बसावे? का?
३. फसलेल्या माणसाला आपण हसतो, तेव्हा कोणाला मदत करतो?

जय भीम! नमो बुद्धाय!