दहाच्या नाण्यावर हा चेहरा कसा?

प्रश्न : वाकोल्याच्या बाजारात भाजी घेताना मी दहाचे नाणे दिले. त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा चेहरा आहे. भाजीवाल्या मावशींनी ते दोनतीनदा उलटेपालटे केले आणि ‘हे चालत नाही, ताई’ म्हणत परत दिले. नाणे खोटे आहे का? आणि खरे असेल, तर सरकार दर वेळी वेगळे चित्र कशासाठी काढते?
– एक वाचक, वाकोला, सांताक्रूझ (पूर्व)

उत्तर : नाणे खरे आहे, आणि बाबासाहेबांच्या 125व्या जयंतीनिमित्त काढलेले आहे. 6 डिसेंबर 2015 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ते प्रकाशित झाले. दहाच्या नाण्यांविषयीच्या शंका इतक्या वाढल्या होत्या, की जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला. तोपर्यंत दहाची नाणी 14 वेगवेगळ्या रूपांत निघाली होती आणि ती सगळीच चलनात वैध आहेत, असे बँकेने सांगितले. डॉ. होमी भाभांच्या जन्मशताब्दीचे, संसदेच्या साठ वर्षांचे आणि योगदिनाचे नाणे त्यांतलीच.

मावशी का अडखळल्या, तेही समजण्यासारखे आहे. तेव्हाच्या नेहमीच्या दहाच्या नाण्यावर एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आणि दुसऱ्या बाजूला ठसठशीत 10 असे. बाबासाहेबांच्या नाण्यात ती दुसरी बाजू चेहऱ्याला आणि जयंतीच्या ओळीला दिली आहे. मग 10 जायचा कुठे? तो सिंहांच्या खाली गेला आणि लहान झाला. हात मोठा आकडा शोधतो, तो सापडत नाही, आणि नाणे परत येते. म्हणून विशेष नाणे हाती आले की आधी सिंहांची बाजू पाहावी. सिंह, ‘सत्यमेव जयते’, भारत हे नाव आणि किंमत एवढे तिथे मिळते. व्यास 27 मिलिमीटर, बाहेर पिवळे कडे आणि आत पांढरी चकती, हे नेहमीच्या नाण्यासारखेच.

दुसरा गैरसमज म्हणजे नाणी रिझर्व्ह बँक काढते. बँक ती फक्त चलनात आणते. नाणी पाडण्याचा अधिकार 2011च्या नाणे कायद्याप्रमाणे केंद्र सरकारचा आहे, म्हणून नाण्यावर गव्हर्नरची सही नसते. कोणत्या प्रसंगाचे नाणे निघणार, त्याचा धातू, वजन आणि चित्र काय असेल, हे सरकार राजपत्रात जाहीर करते.

प्रसंगासाठी नाणे पाडणे आपल्याला नवे नाही. 1674 मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. त्यांवर चेहरा नाही. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’, आणि भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. अक्षरांनीच सगळे सांगितले. मला नाण्याची ही मांडणी आजही सर्वांत देखणी वाटते. चेहरा ठळक झाला तो इंग्रजी अमलात, राजाराणीच्या मुखवट्याने. स्वतंत्र भारताने पहिली स्मारक नाणी 1964 मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर काढली आणि त्यावर त्यांचाच चेहरा घातला. पुढे महाराजही चेहऱ्यासह नाण्यावर आले, 1999च्या अकरा कोनी दोन रुपयांवर.

1969च्या गांधी शताब्दीच्या नाण्याने मात्र लोकांना फार चकवले. त्यावर 1869–1948 एवढेच आकडे आहेत. ते गांधीजींच्या जन्माचे आणि मृत्यूचे. नाणे पाडल्याचे साल त्यावर नाहीच. त्यामुळे घरातल्या डब्यात ते सापडले की ‘हे 1948चे’ असे ठामपणे सांगितले जाते.

चेहरा सपाट का दिसतो, असेही पुष्कळ जण विचारतात. त्याचे कारण वापरात आहे. नाणी एकावर एक नीट रचली गेली पाहिजेत आणि चित्र घासले जाता कामा नये, म्हणून काठ उंच आणि चेहरा त्याहून खाली ठेवतात. समोरून काढलेल्या चेहऱ्यात नाक सर्वांत उंच, तेच आधी झिजते. बाजूने काढलेला चेहरा झिजला तरी ओळखू येतो. इतक्या कमी उठावात बारीक तपशील साधणे अवघड असते. 1911च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावर एक इवलासा हत्ती होता. त्याची सोंड इतकी तोकडी उमटली, की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली आणि 1912 पासून ठसा बदलावा लागला.

बाबासाहेबांच्या दहाबरोबर 125 रुपयांचेही नाणे निघाले, तेव्हा सव्वाशेची मोड मिळणार अशी बोलवा उठली होती. तसली मोठ्या किमतीची नाणी बाजारासाठी नसतात; टांकसाळ ती संग्राहकांना दर्शनी किमतीपेक्षा जास्त दराने विकते. ‘तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा’ असा निरोप आला तर एक पैसाही देऊ नका. बँकेचे नाव घेऊन अशी फसवणूक होते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच दिला आहे.

आता ते नाणे पुन्हा हातात घ्या आणि सालाच्या आकड्याखाली पाहा. पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक खूण दिसली, तर ते आपल्याच मुंबईच्या, फोर्टमधल्या टांकसाळीत पाडलेले आहे. पुढच्या खेपेला मावशींना सिंहांखालचा 10 बोटाने दाखवा आणि ही खूणही दाखवा.