*बॉनेटच्या जाळीला कोणता रंग? आधी धातू बघा, मग डबा उघडा*



आज पिकाबद्दल नाही, माल वाहणाऱ्या गाडीबद्दल बोलू. विषय छोटा आहे: बॉनेटवरची किंवा बॉनेटच्या बाजूची हवेची जाळी. पिकअप, जीप, ट्रॅक्टर, पॉवर टिलर, ज्याच्याकडे जे असेल ते. मुंबईत पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. रंगाचं काम त्याच्या आधी उरकलं तरच टिकतं, म्हणून हा संदेश आत्ता.

*जाळीच आधी का गंजते?*

गोराई-मनोरीच्या मंडळींना सांगायला नको. खाडीवरून येणारी हवा खारट. भाजी घेऊन चारचाकीने बोरीवलीला यायचं तर उत्तन-भाईंदरचा वळसा, म्हणजे बराच रस्ता समुद्राच्या कडेने. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा ओलसर राहतो. त्यात जाळीला खालून इंजिनची धग आणि वरून दव-पाऊस. तापणं आणि ओलं होणं रोज चालू असतं.

दुसरं कारण जाळीच्या आकारात आहे. रंग ओला असताना धारदार कडेवरून मागे सरकतो आणि कडेवर पातळ बसतो. सपाट पत्र्याला चारच कडा असतात, जाळीला भोकाभोकाला कड. म्हणून गंज वरच्या चकचकीत भागावर सुरू होत नाही, तो भोकाच्या कडेला आणि खालच्या बाजूला सुरू होतो. भुरी-केवडा बघताना आपण पान उलटून बघतो ना, तशी जाळीही उलटून बघा.

गंजाचे पापुद्रे आणि धूळ साचून भोकं बुजली की हवा अडते. मग चढावर, भरल्या गाडीत, इंजिन तापतं आणि भाजी रस्त्यातच सुकते. म्हणून हे काम दिसण्यासाठी नाही, धंद्यासाठी आहे.

*पहिली पायरी: दोन तपासण्या*

*१) लोहचुंबक लावा.* चिकटला तर लोखंड. त्यातही पत्रा करडा आणि फुलोरा उठल्यासारखा दिसत असेल तर तो जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे जीआय. चुंबक चिकटला नाही तर अॅल्युमिनियम, प्लास्टिक किंवा स्टेनलेस. काही जीपच्या बॉनेटवर जो उंचवटा असतो, ज्याला गॅरेजवाले ‘स्कूप’ म्हणतात, तो बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो.

*२) पाण्याचे दोन थेंब टाका.* गाडी अर्धा तास चालवून बंद करा आणि फक्त बाहेरच्या जाळीवर दोन थेंब सोडा. थेंब नुसते हळूहळू सुकले तर साधा रंग चालेल. चर्र करून उडाले तर तिथे १०० अंशांच्या वर उष्णता आहे, साधा ऑइलपेंट तिथे करपेल. गाडी बंद केल्यावर पंखा थांबतो आणि धग वर येते, म्हणून तपासणी लगेच करा. हात लावून बघू नका.

*दुसरी पायरी: कशाला काय*

▪ *लोखंडी जाळी, मध्यम उष्णता, घरीच दुरुस्त करायची आहे:* झिंक फॉस्फेटवाला इपॉक्सी प्रायमर दोन हात, त्यावर टू-के पीयू रंग. इपॉक्सी लोखंडाला घट्ट धरतो पण उन्हात पांढुरका पडतो. पीयू ऊन सोसतो. म्हणून जोडी लागते, नुसता एक नको. खरवडलं तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. खाडीकाठच्या गाड्यांसाठी माझी पहिली पसंती हीच.

▪ *लोखंडी जाळी, सुटी काढता येते:* पावडर कोटिंग. पावडर साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळून बसते, त्यामुळे टणक होते. पण तीन प्रश्न विचारूनच काम द्या. वरची पावडर पॉलिएस्टर आहे का? नुसती इपॉक्सी पावडर उन्हात टिकत नाही. खाली प्रायमर देणार का? आणि दोन्ही बाजूंनी मारणार का? बारीक भोकांत आणि कोपऱ्यांत पावडर नीट शिरत नाही. एक तोटाही लक्षात ठेवा: दगड लागून टवका उडाला तर गंज थराच्या आतून पसरतो आणि बरेच दिवस दिसत नाही.

▪ *लोखंडी जाळी, खर्च कमी ठेवायचा आहे:* रेड ऑक्साइड आणि ऑइलपेंट. वाईट नाही, पण खाऱ्या हवेत दरवर्षी हात मारावा लागेल हे धरूनच करा.

▪ *सायलेन्सरजवळचा, थेंब उडवणारा भाग:* सिलिकॉनचा उष्णतारोधक अॅल्युमिनियम पेंट. डब्यावर किती अंशांपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. हा रंग तापल्यावरच पक्का होतो. थंड जाळीवर मारला तर मऊ राहतो आणि गंजही फारसा अडवत नाही. म्हणून गरज असेल तिथेच.

▪ *जीआय:* ऑइलपेंट थेट मारू नका. जस्त आणि त्या रंगातलं तेल यांची प्रक्रिया होऊन साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सालीसारखा निघतो. आधी एच प्रायमर, मग रंग.

▪ *अॅल्युमिनियम:* एच किंवा इपॉक्सी प्रायमर, वर पीयू. लोखंडी स्क्रूखाली नायलॉनचा वायसर घाला. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

▪ *प्लास्टिक:* भट्टीत अजिबात नको. रंगवायचंच असेल तर प्लास्टिकचा प्रायमर आधी.

*थर वाढवला म्हणजे संरक्षण वाढलं, असं नाही*

जुना रंग न काढता वर्षानुवर्षे थर चढवत गेलं की काय होतं, हिशोब करा. भोक ३ मिलिमीटरचं आहे. ०.१ मिलिमीटरचा एक थर चढला तर भोक सगळीकडून आत येऊन २.८ राहतं आणि हवेची जागा सुमारे १३ टक्के घटते. असे तीन थर झाले तर भोक २.४ चं होतं आणि जागा सुमारे ३६ टक्के घटते. एक तृतीयांशाहून जास्त हवा आपणच अडवली! म्हणून जुना सैल रंग काढून मगच नवा.

डांबरी कोटिंग आणि जळकं ऑइल जाळीला लावू नका. डांबर धगीने मऊ होऊन धूळ धरतं. ऑइल रबरी भाग फुगवतं आणि गरम इंजिनजवळ आगीला निमंत्रण देतं.

*तिसरी पायरी: पेरणीआधीची बीजप्रक्रिया*

रंग कितीही भारी आणा, पूर्वतयारी नसेल तर बीजप्रक्रिया न करता पेरल्यासारखं आहे.

१) जाळी काढून गोड्या पाण्याने आणि साबणाने दोन्ही बाजूंनी धुवा. मीठ रंगाखाली राहिलं तर ते पाणी ओढतं आणि फोड येतात. पॉलिश पेपर नंतर, धुणं आधी.
२) तारेच्या ब्रशने गंज काढा, मग १२० ते १८० नंबरचा पेपर. जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं, पाणी लावून घासा.
३) भोकांच्या धारदार कडा कानशीने मोडा.
४) पूर्ण सुकवा, थिनरने पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. उघडं लोखंड आपल्या हवेत रात्रभरात तांबूस होतं.
५) प्रायमरचा पहिला हात बारीक ब्रशने फक्त कडांना. तो सुकल्यावर सगळ्या जाळीला, खालून आणि वरून.
६) हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगकाम नको. मोबाईलवर हवामान बघा. जुलैत आपल्याकडे असे कोरडे तास शोधावे लागतात.
७) पीयू पूर्ण पक्का व्हायला साधारण आठवडा द्या, तोवर प्रेशरने धुवू नका.

⚠ टू-के पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ आणि फवारा फुप्फुसाला घातक. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. स्प्रे मारायचा असेल तर योग्य मास्क आणि जागा असलेल्या पेंटरकडेच द्या.

*नंतरची निगा*

▪ पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, इंजिन थंड असताना, गोड्या पाण्याची हलकी धार. जाळीतून आत प्रेशर मारू नका, आत वायरिंग आणि एअर फिल्टर आहे.
▪ खताच्या गोण्या किंवा सुकी मासळी वाहिली की त्याच दिवशी गाडी धुवा. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये मिठासारखाच क्लोराइड असतो, अमोनियम सल्फेटही लोखंड आणि जस्त खातं.
▪ खंडेनवमीला गाडीची पूजा आपण करतोच. त्या दिवशी जाळी खालून बघायची सवय लावा. कडेला तांबूस ठिपका दिसला तर तेवढाच घासून प्रायमर आणि रंग. ठिपक्याचं काम अर्ध्या तासाचं असतं, भोक पडल्यावर नवी जाळी घ्यावी लागते.

*आता तुम्ही काय करायचं:* जाळीचे दोन फोटो काढा, एक वरून, एक खालून. चुंबक चिकटला की नाही आणि थेंब उडाले की सुकले, एवढं लिहून याच नंबरवर पाठवा. तुमच्या गाडीला कोणता प्रायमर आणि कोणता रंग, ते उत्तरात कळवतो. दुकानात त्यानंतर जा.

आपला,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी, बोरीवली