पासंग आणि पायलट

मी नायगावचा, पण शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे 'झीरो एरर' आधी कळली, 'पासंग' नंतर. मागच्या सेमिस्टरला फ्लुइडच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रेशर गेजचा काटा शून्यावर आहे का, हे न बघताच मी बारा रीडिंग घेतली. ग्राफ सुरेख आला, उत्तर चुकलं. आजोबा हसून म्हणाले, "अरे, सोयाबीन मापात टाकण्याआधी तराजूचा पासंग बघतात!"

विमानाच्या आल्टिमीटरचंही तेच आहे. ते खरं तर उंची नाही, हवेचा दाब मोजतं. आत हवा काढलेली पातळ धातूची डबी असते. वर गेलं की बाहेरचा दाब घटतो, डबी फुगते, काटा फिरतो. पण हवामानाप्रमाणे दाब रोज बदलतो. म्हणून खूप उंचावर सगळे वैमानिक १०१३.२५ हेक्टोपास्कल हा एकच आकडा लावतात. चूक झाली तरी सर्वांची सारखी, त्यामुळे विमानांमधलं अंतर बरोबर राहतं. खाली उतरताना मात्र त्या विमानतळाचा चालू आकडा, म्हणजे क्यूएनएच, लावावा लागतो.

गणित सोपं आहे. १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८ फूट. लावलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त असेल, तर विमान काटा दाखवतो त्यापेक्षा खाली असतं.

२३ मे २०२२ रोजी पॅरिसला कंट्रोलरने एका एअरबसला १००१ ऐवजी १०११ सांगितलं. फरक १०, म्हणजे २८० फूट! ढग आणि पाऊस होता. धावपट्टी दिसेना म्हणून वैमानिकांनी विमान वर घेतलं, तेव्हा ते जमिनीपासून फक्त ६ फुटांवर आलं होतं आणि धावपट्टी अजून सुमारे दीड किलोमीटर पुढे होती. सगळे वाचले.

आपल्याकडे ७ जुलै १९६२ ला मुंबईकडे येणारं अलितालियाचं डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून ९४ जण गेले. तिथे दोष आल्टिमीटरचा नव्हता; आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकला आणि विमान लवकर खाली आलं. पण धडा एकच: उतरताना चुकीला जागा नसते.

पॅरिसच्या वैमानिकांनी आकडा रेडिओवर परत म्हणूनही दाखवला होता. चुकीचा आकडा, पण अगदी बरोबर म्हटलेला! म्हणून तो दुसऱ्या ठिकाणच्या माहितीशी ताडून बघायलाच हवा. होस्टेलमध्ये रात्री एकमेकांची जर्नल उतरवताना आपण नेमकं हेच विसरतो.

मी ती बारा रीडिंग पुन्हा घेतली. या वेळी आधी पासंग बघितला.