प्रथम अर्ध-मॅरेथॉन आणि अर्धशक्तीचा विचार

मुंबई मॅरेथॉनचा आरंभ २००४ साली झाला. दर जानेवारीत होणाऱ्या या शर्यतीची तयारी नवी मुंबईत पाम बीच मार्गावर व खारघर परिसरात पहाटे चालते. त्यांपैकी अनेक जण प्रथमच २१.०९७५ कि.मी. धावू इच्छितात आणि ‘ताकदीचे औषध’ मागण्यास आपल्याकडे येतात. औषधापूर्वी त्यांना व्यायामाची मात्रा समजावून सांगणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

मात्रा : सुश्रुत व वाग्भट या दोघांनीही अर्धशक्ती व्यायाम सांगितला आहे. मुखाने श्वास सुरू होणे, कपाळ, नाक व काखेत स्वेद येणे आणि मुखशोष ही त्या मर्यादेची लक्षणे होत. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे, ही खूण रुग्णास सहज समजते. शर्यतीच्या दिवशी ही मर्यादा बहुधा ओलांडली जाते. म्हणूनच आधीच्या सोळा आठवड्यांत बल असे वाढवावे, की आज पूर्ण शक्तीचे वाटणारे अंतर तेव्हा अर्धशक्तीच्या जवळ यावे.

ऋतू व क्रम : सप्टेंबरअखेर आरंभ केल्यास शरद ऋतूतील पित्तप्रकोप व ऑक्टोबरची उष्णता वाट्यास येते. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर निवत नाही. या काळात सूर्योदयापूर्वी व मंद गतीनेच धावावे. हेमंतात बल व अग्नी वाढतात, तेव्हा अंतर वाढवावे. आठवड्यात चार दिवस पुरेत. जो सहा कि.मी. विनासायास धावतो, त्याने रविवारची लांब धाव तेथून सुरू करून आठवड्यास एक ते दीड कि.मी. वाढवीत अठरापर्यंत न्यावी. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करावे व शेवटचे दोन आठवडे हलके ठेवावेत.

आहार व जल : क्षुधित व तृषित व्यक्तींना चरकांनी, तर अजीर्ण असणाऱ्यांना वाग्भटांनी व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. आदल्या रात्री सवयीचा लघु आहार, उदाहरणार्थ भात, मुगाचे वरण व तूप, घ्यावा. तृष्णा हा अधारणीय वेग आहे. मात्र तहान नसताना पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून शिरःशूल, छर्दी व संभ्रम होऊ शकतो.

दक्षता : श्रमाने वा पाऊल विषम पडल्याने घोट्यात होणारी वेदना म्हणजे वातकंटक. तेथे विश्रांती व स्नेहन-स्वेदन उपयोगी पडते. परंतु नडगीच्या अस्थीवर एकाच बिंदूत वेदना असल्यास अस्थिभंगाची शंका घेऊन तपासणी करावी. उरःशूल, मूर्च्छा, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा कुटुंबात अकाली हृद्रोगाने मृत्यू असा इतिहास असल्यास हृद्रोगतज्ज्ञांच्या तपासणीशिवाय अनुमती देऊ नये. धावताना शरीर तप्त होऊन बोलणे असंबद्ध झाल्यास तत्काळ थंड पाण्याने शरीर निववावे व रुग्णालयात न्यावे.

औषधविक्रेत्यांसाठी : शर्यतीपूर्वी वेदनाशामक गोळ्या मागणाऱ्यास परावृत्त करावे, कारण जलाल्पता असता त्यांनी वृक्कास अपाय होऊ शकतो. अग्नितुंडी वटीसारख्या कुचलायुक्त कल्पांविषयी विशेष सावधगिरी हवी. कुचल्यातील स्ट्रिक्निन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. १९०४ च्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये विजेत्या थॉमस हिक्स यांना हेच द्रव्य ब्रँडीसह देण्यात आले होते व शर्यतीअखेर त्यांची अवस्था गंभीर झाली होती.

शर्यतीनंतर किमान एक आठवडा धावणे थांबवून अभ्यंग, उष्णोदक स्नान व निद्रा योजावी. पहिली शर्यत निरामय पूर्ण होणे, हेच आपल्या मार्गदर्शनाचे उद्दिष्ट असावे. तेथे वेळेचा विचार गौण आहे.