माझ्या तासांचा भाव

न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजला ‘काउंटी कॉलेज’ म्हणतात. त्या काउंटीत राहणाऱ्यांना तिथे फी कमी पडते आणि बरेच वर्ग संध्याकाळी भरतात. सप्टेंबर २०२१ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, मी अशाच एका कॉलेजात उद्योजकता आणि लघुउद्योग व्यवस्थापन शिकायला बसले. नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे माझा व्हिसा एच-४. त्यावर शिकायला मुभा होती, पण वेगळी परवानगी मिळेपर्यंत कमवायला नव्हती. त्या दोन वर्षांत जे पदरात पडलं, ते सांगते.

१. आधी नियम वाचा, मग ओव्हन लावा.

माझ्या डोक्यात नानकटाई होती. मराठी मंडळाच्या दिवाळीत सगळे म्हणायचे, “वहिनी, विकायला काढा.” पण घरी भाजलेलं विकायला न्यू जर्सीत बंदी होती, अशी बंदी पाळणारं देशातलं ते शेवटचं राज्य. मी वर्गात बसून जेमतेम महिना झाला आणि ४ ऑक्टोबर २०२१ ला नवा नियम लागू झाला. सरांनी तो छापून आणला आणि ओळ न् ओळ वाचून घेतला. परवान्याचे दोन वर्षांचे १०० डॉलर, वर्षाची विक्री ५० हजार डॉलरच्या आत, अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र, आणि माल थेट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, दुकानात ठेवायचा नाही. पुढे ओक ट्री रोडवरच्या एका किराणावाल्याने साठ डबे मागितले. नाही म्हणताना जीव तुटला, पण ती ओळ मला पाठ होती.

माझं कामाच्या परवानगीचं कार्ड २०२२ च्या एप्रिलमध्ये आलं. तोवर एकही डबा विकला नाही. “ओळखीतच तर देतेय” म्हणून कार्डाशिवाय पैसे घेणाऱ्या मैत्रिणींना मी हात जोडून सांगते, यात सगळ्या घराचा इथला मुक्काम पणाला लागतो.

२. आपले तास हिशोबात धरा.

हा धडा मला सगळ्यात महाग पडला आणि सगळ्यात कामाला आला. सरांनी बावीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलेलं. मी फळ्यावर हिशोब मांडला: बारा नानकटायांचा डबा ८ डॉलर, तूप, मैदा, साखर, वेलची, डबा आणि लेबल मिळून ३ डॉलर १० सेंट, उरले ४ डॉलर ९० सेंट. मी खुशीत होते. सरांनी एवढंच विचारलं, “आणि तुम्ही किती वेळ उभ्या होतात?”

वीस डब्यांना भिजवण्यापासून भरण्यापर्यंत नऊ तास, घरोघर पोहोचवायला तीन. ९८ डॉलरला बारा तासांनी भागलं, तर ताशी आठ डॉलर आणि वर थोडे सेंट. राज्यातलं किमान वेतन २०२२ मध्ये ताशी १३ डॉलर होतं. गाडीचं पेट्रोल आणि ओव्हनचा गॅस मी धरलाच नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी आई आयुष्यभर लोकांचे पापड लाटून देत आली, तिने उडीद डाळीचा भाव पैशापैशाने जपला आणि स्वतःच्या हातांचा कधी लावला नाही. ‘घरच्या घरी’ या शब्दांत बाईचे कष्ट फुकट धरलेले असतात. मीही तेच करत होते, तेही कॉलेजात शिकत असताना.

डब्याचा भाव ११ डॉलर केला. नेहमीच्या तीस घरांतली सात गेली. बाकीची राहिली, आणि तीच पुढे नवी माणसं घेऊन आली.

३. नफा कागदावर असतो, पैसा तारखेला लागतो.

वर्गात एक डॉमिनिकन मुलगा होता, लोकांच्या अंगणातलं गवत कापण्याचा त्याचा धंदा. उन्हाळ्यात हात भरलेले, जानेवारीत ट्रकचा हप्ता थकलेला. बारा महिन्यांचा पैशाच्या आवक-जावकीचा तक्ता केल्यावर त्याने बर्फ उपसण्याची कंत्राटं ऑक्टोबरातच घ्यायला सुरुवात केली. माझं उलट. विक्री दिवाळीत, पण तूप सप्टेंबरात भरायचं. म्हणून मी आता दिवाळीच्या मागणीवर निम्मे पैसे आगाऊ घेते. मागायला पहिल्यांदा लाज वाटली. कुणी नाही म्हटलं नाही.

४. बँकेचं खातं वेगळं ठेवा.

वाणसामानाच्या खात्यातून धंदा चालवलात, तर करभरणीच्या वेळी काहीच सापडत नाही. आणि आयकराशिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा मिळून १५.३ टक्के स्वयंरोजगार कर असतो, तो धंद्याच्या वेगळ्या खात्यात बाजूला टाकत जा.

५. फुकटचा सल्ला इथे खरंच मिळतो.

‘स्कोअर’ ही संस्था १९६४ पासून आहे. अनुभवी व्यावसायिक तिथे नवख्यांना पैसे न घेता मार्गदर्शन करतात. इंग्रजी अडखळतं म्हणून मी वर्षभर गेले नाही. ते वर्ष वाया गेलं.

आज डबा १४ डॉलरला आहे. येत्या दिवाळीत ओळखीच्या बाईकडून फराळ घ्याल, तेव्हा “घरचंच तर आहे” म्हणून भाव पाडू नका. तिने सांगितलेले पैसे पुरे मोजा.