सेफ्टी पिन आणि दहा सेकंद

प्रस्तुत लेखकाच्या हातात त्या रविवारी सेफ्टी पिन होती. समोर, हॉलमधल्या टीव्हीच्या वर, इंटरनेट कंपनीने भिंतीला ठोकून दिलेला पांढरा डबा, आणि डब्याच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. बाजूला बारीक अक्षरांत ‘रीसेट’. ॲडमिनचा पासवर्ड काही केल्या लागत नव्हता. तेव्हा डबा एकदाचा कोरा करावा, मग स्टिकरवर छापलेला पासवर्ड चालेल, असा सरळ हिशेब. पिन दहा सेकंद दाबून धरली. सगळे दिवे विझले, पुन्हा लागले, पासवर्डही चालला. फक्त नेट गेलं, ते थेट मंगळवारी संध्याकाळी परत आलं.

मूळ दुखणं साधं होतं. हॉलमध्ये वायफाय झकास, मागच्या खोलीत रडतखडत. ‘अहो, तो डबा तरी बदला, नाहीतर मी उद्याची मीटिंग जिन्यात बसून घेते,’ असं घरातून ऐकवलं गेलं आणि लेखकाने चार अँटेनांचा नवा राउटर मागवला. खोक्यावर ठसठशीत १२०० लिहिलेलं. हा आकडा म्हणजे दोन पट्ट्यांच्या कागदोपत्री वेगांची बेरीज, वर गोल केलेली: २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७. फोन एका वेळी एकाच पट्टीवर असतो, त्यामुळे १२०० कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. त्याहून महत्त्वाची ओळ खोक्याच्या बुडाशी होती आणि ती कुणी वाचली नाही. तिचा हिशेब पुढे लागला.

जुन्या डब्यात भिंतीतून एक बारीक वायर येते, टोकाला हिरवं प्लास्टिक. ती काढून नव्या राउटरमध्ये खोचायला गेलं तर तसलं भोकच नाही. कारण ती तांब्याची तार नसून काचेचा तंतू आहे. डब्याचं कारखान्यातलं नाव ओएनटी. तंतूतून आलेला प्रकाश विजेच्या भाषेत आणणं हे त्याचं पहिलं काम. कंपनीच्या पलीकडच्या यंत्राकडे या डब्याचा अनुक्रमांक नोंदलेला असतो, म्हणून बाजारातून दुसरा ओएनटी आणून लावला तरी तो आपोआप चालत नाही. दुसरं काम, ग्राहकाचं युजरनेम-पासवर्ड देऊन कंपनीकडे लॉगिन करणं. तिसरं, घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटणं. वायफाय हे चौथं. घराची तक्रार होती चौथ्याबद्दल, आणि पिनेने पुसलं गेलं दुसरं.

मंगळवारी कंपनीचा मुलगा आला. आल्या आल्या त्याने हिरवं टोक काढून मीटरला लावलं. मीटरने प्रकाशाची ताकद उणे २१ दाखवली. ‘लाइन चांगलीये काका. उणे सत्तावीसच्या खाली गेलं की लाल दिवा लागतो. तुम्ही आतलं सगळं पुसलंत.’ मग मोबाइलमध्ये बघून त्याने युजरनेम, पासवर्ड आणि एक व्हीलॅन क्रमांक टाकला. काम पाच मिनिटांचं, पण ते तीन तुकडे घरात कुणाकडेच लिहिलेले नव्हते. काही कंपन्या डब्याची मांडणी दुरूनच पुन्हा भरून देतात. त्या भरवशावर पिन उचलू नये. डब्याला हात लावण्याआधी स्टिकरचा, मागच्या वायरींचा आणि लॉगिनच्या पानाचा फोटो काढावा आणि हे तीन तुकडे कंपनीकडून मागून घ्यावेत. घरचा लँडलाइन त्याच डब्याच्या फोनच्या भोकातून चालत असेल, तर डबा काढल्यावर डायल टोनही जातो. शिवाय डबा बहुधा कंपनीच्या मालकीचा असतो, कनेक्शन बंद करताना तो परत द्यावा लागतो. भंगारात देऊ नये.

मुलगा गेल्यावर नवा राउटर जुन्याच्या मागे साध्या लॅन केबलने जोडला. पुन्हा नन्नाचा पाढा. दोन्ही डबे स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवत होते, एका वाड्यात एकाच घर क्रमांकाची दोन बिऱ्हाडं! यातून वाटा दोन. जुन्याला ब्रिज मोडमध्ये टाकायचं, म्हणजे तो फक्त प्रकाशाचं काम करतो आणि लॉगिन, पत्ते, वायफाय सगळं नव्याकडे जातं. यासाठी बऱ्याचदा कंपनीची मदत लागते. किंवा नव्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवायचं, म्हणजे तो कारभारात नाक खुपसत नाही, फक्त वायफाय फेकतो. घरात फक्त रेंजचं रडगाणं असेल तर दुसरी वाट पुरते, असं लेखकाचं सोसून झालेलं मत आहे.

खरं तर सुरुवात लॅपटॉप केबलने जुन्या डब्याला जोडून व्हायला हवी होती. प्लॅन २०० एमबीपीएसचा. केबलवर २०० मिळत असतील तर लाइन निर्दोष आणि खोट वायफायमध्ये. केबलवरच ४० येत असतील तर दहा राउटर आणले तरी फरक पडायचा नाही. लेखकाने ही चाचणी बुधवारी केली. जुन्या डब्यावर १९८, नव्यावर ९४! तेव्हा खोक्याच्या बुडाशी असलेली ओळ वाचली गेली: भोकं १०/१००. म्हणजे केबलचा वेग १०० च्या वर जाणारच नाही, अँटेना चार असोत की आठ. अर्धवट दाबलेल्या जॅकमुळेही असंच होतं. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभराचं काम चारांवर भागतं.

मग मागच्या खोलीत नेमकं काय आडवं येत होतं? दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये आरशाचं लोखंडी कपाट. लोखंड लहरींना पलीकडे जाऊ देत नाही, आणि आरशामागचा मुलामाही धातूचाच. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीशी लवकर हरणारं. २.४ लांब पोचतं, पण त्यावर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि फोनवरच्या यादीत सोसायटीतल्या बावीस घरांची नावं. त्यात दुपारी शेजारी मायक्रोवेव्ह लावला की तोही त्याच पट्टीत गुणगुणतो. रिपीटर घ्यावा असं एकाने सुचवलं होतं. पण साधा रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच पट्टीवर, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय तो जिथे रेंज मरते तिथे लावून उपयोग नाही, अर्ध्या वाटेवर लावावा लागतो.

शेवटी हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेने वीस मीटर कॅट सिक्स केबल टाकली आणि टोकाला तोच नवा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून बसवला. ९४ चं बंधन कायम आहे, पण व्हिडिओ मीटिंगला चारेक एमबीपीएस पुरतात. मीटिंग आता जिन्यात होत नाही.

एक राहिलंच. डबे दोन झाले, तसे ॲडॉप्टरही दोन. हॉलमधला इन्व्हर्टरच्या प्लगवर आहे, मागचा नाही. पुण्यात वीज देखभालीला जाते ती गुरुवारी, आणि गुरुवारीच मीटिंग असते. छोटा यूपीएस बघितला, तो १२ व्होल्टचा. मागच्या राउटरचा ॲडॉप्टर ९ चा. तसाच जोडायला हात शिवशिवला होता. स्टिकर वाचला आणि ९ व्होल्टचा मागवलाय. यायचा आहे.